डिक्शनरी घेताना आधी ‘रन’चं पान उघडून बघा

दर जूनमध्ये ट्यूशनचे पालक मला विचारतात की मॅडम, इंग्लिशची डिक्शनरी कुठली घेऊ, आणि माझं उत्तर आता ठरलेलं आहे. दुकानात उभ्या उभ्या आर अक्षर काढा, रन हा शब्द शोधा आणि त्याला किती जागा दिलीय ते बघा. अवघड शब्द बघू नका. अवघड शब्दाला बहुतेक वेळा अर्थ एकच असतो आणि तो कुठल्याही डिक्शनरीत मिळतो, फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण, संपला विषय. आपली मराठी मीडियमची मुलं अडतात ती तीन-चार अक्षरांच्या शब्दांना, गेट, सेट, रन, पुट, टेक, जे पाचवीतच पाठ झालेत म्हणून परत कुणी उघडून बघतच नाही.

मी बार्शीत आठवी ते दहावीच्या इंग्लिशच्या ट्यूशन घेते, स्वतः पूर्ण मराठी मीडियमची. हा रिव्ह्यू ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीच्या दहाव्या आवृत्तीचा आहे, २०२० साली आलेली. तीन वर्षं रोज वापरतेय, पुण्याला अप्पा बळवंत चौकातून हजाराच्या आत घेतली होती. पूर्ण डिक्शनरीचा रिव्ह्यू कोण लिहिणार, म्हणून मी एकाच शब्दावरून लिहितेय, पण तो शब्द असा आहे की त्यात सगळं कळतं.

त्याआधी माझ्याकडे एक छोटी इंग्लिश-मराठी डिक्शनरी होती, नाव लिहीत नाही. त्यात रनपुढे धावणे, पळणे, चालवणे, वाहणे असे चार शब्द स्वल्पविराम देऊन लिहिलेले, वाक्य एकही नाही. मुलाला कसं कळणार की यातला कुठला कुठे लावायचा? तो पहिलाच उचलतो, प्रत्येक वेळी.

मला हे नीट कळलं ते माझ्या भाचीमुळे. तिचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, झालाय, मिरजेला एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करते, आणि बाहेर जायचं म्हणून ओईटीची तयारी करत होती, म्हणजे डॉक्टर-नर्स लोकांसाठी इंग्लिशची जी परीक्षा असते ती. एका रात्री साडेदहाला तिचा फोन, मावशी, इथे लिहिलंय द चाइल्ड इज रनिंग अ टेम्परेचर, आता तापाने आजारी पोर पळेल कशाला? रडवेली झाली होती बिचारी. दिवसभर ड्युटी करून रात्री अभ्यासाला बसायची आणि तिला वाटायला लागलं होतं की आपल्याला साधा रन पण येत नाही. मी म्हटलं थांब, डिक्शनरी घेते. पान उघडलं आणि आम्ही दोघी फोनवर तासभर तेच पान वाचत बसलो.

आणि काय सांगू, अख्खं हॉस्पिटल त्या एका शब्दात होतं. रनिंग अ टेम्परेचर म्हणजे अंगात ताप आहे. हिज नोज इज रनिंग म्हणजे नाक वाहतंय, आणि तशा नाकाला रनी नोज. द रन्स म्हणजे जुलाब, हे बोलीतलं आहे, पेशंट असं सांगतो पण चार्टवर असं लिहायचं नाही, आणि ही गोष्ट डिक्शनरी शब्दापाशीच सांगते, तिथे इनफॉर्मल असं लिहिलेलं असतं. रन सम टेस्ट्स म्हणजे तपासण्या करणे. वुई आर रनिंग शॉर्ट ऑफ बेड्स म्हणजे बेड कमी पडायला लागलेत. डायबिटीस रन्स इन द फॅमिली म्हणजे घराण्यातच आहे. ताप किंवा सर्दी आपली मुदत पूर्ण करूनच जाणार असेल तर इट हॅज टू रन इट्स कोर्स. रन डाऊन म्हणजे अशक्तपणा आलेला, गळून गेलेला माणूस. रन इट बाय द डॉक्टर म्हणजे आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि नर्सला दिवसभर क्षणाची उसंत नसेल तर शी इज रन ऑफ हर फीट. हे शेवटचं वाचल्यावर भाची म्हणाली, मावशी, हे तर माझंच वाक्य आहे. ही सगळी वाक्यं मी माझ्या शब्दात लिहिलीत, पुस्तकातली जशीच्या तशी नाहीत, पण प्रत्येक अर्थाला तिथे असं बोलण्यातलं वाक्य असतं आणि सगळी किंमत त्या वाक्यांची आहे असं माझं मत.

आता पान कसं लावलंय ते सांगते. ज्या शब्दांना बरेच अर्थ आहेत त्यांचे अर्थ एकाखाली एक नंबर देऊन येतात, पण नुसते नंबर असते तर माणूस हरवला असता. इथे प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर ठळक अक्षरात एकदोन शब्दांची पाटी असते, ऑक्सफर्डवाले त्याला शॉर्टकट म्हणतात. म्हणजे पायाने पळणं एका पाटीखाली, व्यवस्थापन एका, गाड्या-यंत्रं एका, पातळ पदार्थ एका, रंग एका, निवडणूक एका. तुम्हाला द टॅप इज रनिंगचा अर्थ हवाय तर पातळ पदार्थाच्या पाटीपाशी जा, बाकी वाचायची गरज नाही. बाजारात दुकानांच्या पाट्या वाचत जातो ना आपण, तसंच. मग खाली वाक्प्रचारांचा वेगळा भाग, त्याच्याखाली फ्रेझल व्हर्ब्जचा, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ होतो त्यांचा. रन इंटू, रन आऊट, रन ओव्हर, रन अप, रन थ्रू, सगळे ओळीने. पहिल्यांदा उघडाल तेव्हा दडपण येईल, मलाही आलं होतं, दोन-तीन वेळा वापरलं की बोट आपोआप योग्य जागी जातं.

अर्थ सांगायला सोपेच शब्द वापरलेत हेही महत्त्वाचं. त्यांनी तीन हजार नेहमीच्या शब्दांची एक यादी केलीय, ऑक्सफर्ड ३०००, अर्थ शक्यतो त्या शब्दांतच लिहितात. म्हणजे एक शब्द शोधायला गेलो आणि अर्थातल्या शब्दासाठी परत दुसरं पान उघडलं असं फारसं होत नाही. शिवाय शब्दांना ए१, ए२, बी१ अशा सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पातळ्या दिल्यात आणि एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या अर्थांनाही वेगळ्या पातळ्या असतात. पळणे या अर्थाचा रन अगदी सुरुवातीचा, बाकीचे बरेच पुढच्या पातळ्यांवर. मला हे शिकवताना फार कामाला येतं, कारण नववीच्या मुलाला एकदम सगळं द्यायचं नसतं.

ही डिक्शनरी आपल्याला सोयीची का पडते याचं कारण तिच्या जन्मातच आहे, आणि हे मला फार आवडतं म्हणून सांगतेच. ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानला इंग्लिश शिकवायला गेले. तिथल्या मुलांना काय अडतं हे त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात बघितलं आणि दोन सहकाऱ्यांना घेऊन डिक्शनरी तयार केली, ती १९४२ मध्ये टोकियोच्या कायताकुशा प्रकाशनाने काढली. मग १९४८ साली ऑक्सफर्डने तीच छापली, आणि त्याच घराण्यातली ही दहावी आवृत्ती. म्हणजे हे इंग्रजाने इंग्रजांसाठी लिहिलेलं पुस्तक नाही, ज्यांच्या घरात इंग्लिश कुणी बोलत नाही त्यांच्यासाठी वर्गात उभं राहून लिहिलेलं आहे. माझ्या ट्यूशनमधल्या पोरांच्या आणि त्या जपानी पोरांच्या अडचणी किती सारख्या असतील, ते पान वाचताना जाणवतं.

आणि रन हा शब्द साधासुधा नाही बरं का. ऑक्सफर्डची जी मोठी डिक्शनरी आहे, ओईडी, तिची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत आली तेव्हा सगळ्यात लांब नोंद सेट या शब्दाची होती, साठ हजार शब्दांची. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम करताना रन सेटच्याही पुढे गेला, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांना त्या एका शब्दाला नऊ महिने लागले. मी हे मुलांना सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, मॅडम, मग आपल्याला एका तासात नाही आलं तर काय बिघडलं. खरंच काही बिघडत नाही. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेलेली दिसली मला, त्या दिवसाचा तास तिथेच वसूल झाला.

आता माझा स्वतःचा शोध सांगते, डिक्शनरीत नाहीये तो, पण डिक्शनरीमुळे लागला. फळ्यावर मी एका बाजूला रनची वाक्यं लिहिली आणि मुलांना म्हटलं मराठी करा, पण धावणे वापरायचं नाही. एका मुलाच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे, तो म्हणाला द मिल रन्स म्हणजे गिरणी चालते. शी रन्स अ शॉप, ती दुकान चालवते. द इंजिन इज रनिंग, इंजिन चालू आहे. द प्ले रॅन फॉर टू इयर्स, नाटक दोन वर्षं चाललं. द मीटिंग रॅन टिल नाइन, मीटिंग नऊपर्यंत चालली. सगळा फळा चालण्याने भरला! इंग्लिशमध्ये जे धावतं ते मराठीत चालतं, हे पोरांनीच शोधलं आणि मी एवढी वर्षं शिकवून माझ्या लक्षात आलं नव्हतं. जे चालत नाही तिथे वाहतं, नाक वाहतं, पाणी वाहतं. रस्ता कालव्याच्या कडेने जातो, तिकडेही द रोड रन्स अलाँग द कॅनॉल. धुताना साडीचा रंग जातो, तिकडे द कलर रन्स. दूध संपलं, वुई रॅन आऊट ऑफ मिल्क. बाजारात अचानक मैत्रिणीची गाठ पडली, आय रॅन इंटू हर. दुकानात उधारी वाढवून ठेवली, ही रॅन अप अ बिल.

निवडणुकीचं तर फारच छान आहे. आपल्याकडे माणूस निवडणुकीला उभा राहतो, ब्रिटिश इंग्लिशमध्येही उभाच राहतो, स्टँड म्हणतात, आणि अमेरिकेत मात्र धावतो, रन फॉर प्रेसिडेंट. डिक्शनरीत अशा ठिकाणी नॉर्थ अमेरिकन इंग्लिश अशी खूण असते. ती खूण बघायची सवय मुलांना लावा, नाहीतर परीक्षेच्या पेपरात एक आणि बातम्यांत एक असं वाचून गोंधळतात.

मराठीत धाव अजिबात नाही असंही नाही. विमानाची धावपट्टी आहे, शिवणातला धावदोरा आहे जो इंग्लिशमध्येही रनिंग स्टिचच आहे, लोकल उशिराने धावतात असं पेपरात रोज छापून येतं. आणि क्रिकेट! धावा, धावफलक, धावचीत, धावतं समालोचन. बाळ ज. पंडित रेडिओवरून मराठीत समालोचन करायचे, आमचे बाबा ते कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकायचे. त्यात तो चीत बघा, कुस्तीतला आहे, पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत, धावचीत. इंग्लिशच्या रन आऊटमध्ये कुस्ती नाही, ती आपण घातली. आणि सुताराकडे गेलात तर तो रनिंग फुटाने भाव सांगतो, कॉन्ट्रॅक्टर रनिंग बिल काढतो, मुंबईत माणूस रनिंगमध्ये गाडी पकडतो. शब्द येऊन राहिलाय आपल्याकडे, फक्त इंग्लिशच्या पेपरात भेटला की आपण त्याला ओळखत नाही.

तरी काही मुलं म्हणतात की एका शब्दाचे एवढे अर्थ म्हणजे अन्याय आहे. त्यांना मी लागणे हा शब्द देते. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, उचकी लागते, ग्रहण लागतं, दृष्ट लागते. निकाल लागतो, हिशोब लागतो, डोळा लागतो. झाडाला कैऱ्या लागतात, कारलं कडू लागतं, दूध पातेल्याच्या बुडाला लागतं. पोरगा नोकरीला लागतो, किंवा कुणाच्या नादी लागतो. तो माझा मामा लागतो. एसटी फलाटाला लागते आणि त्याच एसटीत बसल्यावर काहींना गाडी लागते, उलटी होते. गेल्या बॅचच्या मुलांनी एका तासात चाळीसच्या वर वाक्यं काढली, शेवटी मीच थांबवलं. हे कुणी पाठ केलं होतं का? आजीच्या तोंडून ऐकत ऐकत आलं. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशात, १८५७ च्या आवृत्तीत, लागणें बघा, केवढं मोठं प्रकरण आहे ते. इंग्लिश ऐकवायला घरात आजी नाही म्हणून तिच्या जागी वाक्यं देणारी डिक्शनरी लागते, आणि मी हजार रुपये घाला म्हणते ते त्यासाठी.

आता उणीवा, कारण नुसतं कौतुक वाचून कुणी घेऊ नये. यात मराठी अर्थ नाहीत, इंग्लिश टू इंग्लिश आहे. सातवीपर्यंतच्या मुलाला देऊ नका, तो एक पान बघून कपाटात ठेवेल. आठवीच्या मुलासोबतही पहिले दोन महिने मोठं माणूस बसलं पाहिजे. वजनाला जड आहे, दप्तरात रोज न्यायची वस्तू नाही, घरी टेबलावर ठेवायची. कागद पातळ आहे, पान उलटताना बोट ओलं करायची सवय असेल तर सोडा. अक्षर बारीक आहे, माझा चष्मा लागून आता पाच वर्षं झाली, दिवा चांगला असल्याशिवाय उच्चाराची चिन्हं मला दिसत नाहीत.

उच्चारासाठी खरं तर त्यांची वेबसाइट वापरा, शब्द फुकट बघता येतात, आणि ब्रिटिश, अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकू येतात. मग पुस्तक कशाला असं विचाराल. माझा अनुभव असा की फोनवर मुलगा पहिला अर्थ बघतो आणि बंद करतो, खाली सरकवतच नाही. पुस्तकात सगळं पसरलेलं समोर असतं, नजर शेजारच्या अर्थावर जातेच, आणि शिकणं तिथे होतं. त्यातही फोन हातात आला की पुढे काय होतं ते पालकांना मी सांगायला नको.

एक कळकळीची विनंती, फुटपाथवरची स्वस्त कॉपी घेऊ नका. आधीची आवृत्ती मी अशीच घेतली होती, अर्ध्याहून कमी भावात. घरी येऊन बघते तर शाई पसरलेली, उच्चाराची चिन्हं नुसते ठिपके, बाइंडिंग सहा महिन्यांत सुटलं. ज्या पाट्यांचं मी वर एवढं सांगितलं त्या त्यात धड वाचताच येत नव्हत्या. पैसे कमी असतील तर दुसऱ्या कुणाची वापरलेली पण ओरिजिनल नववी आवृत्ती शोधा, २०१५ ची, शाळेतल्या मुलाचं काम तिच्यावरही नीट होतं. घेताना मधलं पान उघडून छपाई बघा आणि रन काढून बघा, सांगितलंच आहे.

भाचीची परीक्षा झाली, ती आता कागदपत्रांच्या मागे लागलीय. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला, मावशी, पान नंबर सांग ना, माझ्या रूममेटला दाखवायचंय. मी पानाचा फोटो काढायला डिक्शनरी उघडली तर ती आपोआप तिथेच उघडते आता, कोपरा मऊ झालाय, पेन्सिलीच्या खुणांनी भरलंय, एका जागी भाचीने सुट्टीत आल्यावर बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, ताप येणे, पळणे नाही. ट्यूशनला सोमवारपासून गेट घेतोय.